तांबी, अंतरा की गोळ्या? आधी टेस्ट कर, मग ठरवू

प्रश्न: ताई, माझं वय २६. बाळ नऊ महिन्यांचं आहे, अजून अंगावर पाजते. पाळी तीन महिन्यांपूर्वी परत सुरू झाली, पहिले दोन-तीन दिवस खूप जाते. रक्त कमीच आहे, मागच्या वेळी ९.४ आलं होतं. मिस्टर टेम्पो चालवतात, त्यांना निरोध नको वाटतो, म्हणतात मी वेळेवर बाजूला होतो, तू टेन्शन घेऊ नको. पण मला भीती वाटते म्हणून दोनदा मेडिकलमधून संबंधानंतर घ्यायची ७२ तासांची गोळी आणून घेतली. आता पाळीची तारीख उलटून आठ दिवस झालेत. आशाताई म्हणते अंतराचं इंजेक्शन घे. जाऊबाई म्हणतात त्याने पाळी बंद होते आणि घाण रक्त आतच साचतं. सासूबाई म्हणतात तांबी (कॉपर-टी) छातीत चढते, त्यापेक्षा दुसरं लगेच होऊ दे आणि ऑपरेशन करून मोकळी हो. मला अजून तीन वर्षं तरी नकोय. गोळ्या रोज लक्षात राहतील असं वाटत नाही. सगळ्यात चांगलं काय आहे ते सांगा. हे सगळं घरात बोलायचीही लाज वाटते.

उत्तर: अगं, बाकी सगळं नंतर, आधी प्रेग्नन्सी टेस्ट कर. उद्याच. सकाळची पहिली लघवी घे, आशाताईकडे निश्चय किट असतं ते फुकट मिळतं, नाहीतर मेडिकलमधून आण, फार महाग नसतं. ७२ तासांच्या गोळीने पाळी आठवडाभर पुढेमागे होते हे खरं आहे, त्यामुळे लगेच घाबरून जाऊ नको, पण गृहीतही धरू नको. टेस्ट निगेटिव्ह आली आणि तरी पाळी आली नाही तर एका आठवड्याने परत कर. हे झाल्याशिवाय अंतरा, तांबी, गोळ्या काहीच सुरू करायचं नसतं, म्हणून हे पहिलं.

आणि समजा पॉझिटिव्ह आली तर मेडिकलवाल्याला विचारून कुठलीही गोळी परस्पर घ्यायची नाही. ९.४ हिमोग्लोबिनवर घरच्या घरी ब्लीडिंग सुरू झालं आणि थांबलं नाही तर जीवावर बेतू शकतं. सरकारी दवाखान्यात जा. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे, २०२१ मध्ये तो आणखी मोकळा झाला, आणि गर्भनिरोधक साधन फेल गेलं हे कारण कायद्याला चालतं. तू सज्ञान आहेस, सही फक्त तुझी लागते, नवऱ्याची नाही, सासूबाईंची तर नाहीच. तुझं नाव गुप्त ठेवणं ही त्यांची कायद्याने जबाबदारी आहे. आणि ठेवायचं ठरवलंस तर तोही तुझाच निर्णय, फक्त मग नाव नोंदव आणि रक्ताचे उपचार त्याच दिवशी सुरू कर.

आता निगेटिव्ह आली असं धरून बोलते.

तू विचारलंस सगळ्यात चांगलं काय. मला रोज हाच प्रश्न येतो आणि मी दर वेळी उलट विचारते, तुझा दिवस कसा जातो, पाळी कशी जाते, पुढचं मूल कधी हवंय. कारण साधन कागदावर कितीही भारी असलं तरी तुझ्या घरात, तुझ्या कामात ते नीट वापरलं जाणार नसेल तर त्याचा उपयोग नाही. जगभर याचे आकडे मोजलेत. शंभर जोडप्यांनी वर्षभर काहीच वापरलं नाही तर साधारण ८५ जणींना दिवस जातात. नवरा आधी बाजूला होतो त्या शंभरात साधारण २०. निरोध १३ च्या आसपास. रोजच्या गोळ्या ७. तीन महिन्यांचं इंजेक्शन ४. तांबी आणि ऑपरेशन, दोन्हीत एकापेक्षा कमी. यात बघ, रोजची गोळी एकही न चुकता घेतली तर शंभरात एकीलाही क्वचितच दिवस जातात, पण खऱ्या आयुष्यात सात जणींना जातात, म्हणजे औषध कमी पडत नाही, विसरणं होतं, बाळ आजारी पडतं, पाकीट माहेरी राहतं. तू स्वतःच लिहिलंयस रोजचं लक्षात राहणार नाही. हे तू आधीच ओळखलंस हे फार चांगलं केलंस.

मिस्टरांच्या "मी सांभाळतो" बद्दल. त्यांचा हेतू वाईट नाही, मला मान्य आहे. पण वीर्य यायच्या आधी जो थोडा चिकट स्राव येतो त्यातही कधीकधी शुक्रजंतू असतात आणि त्या क्षणी अंदाज चुकतोच, आज नाही तर महिन्याने. शुक्रजंतू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात, स्त्रीबीज फक्त एखादा दिवस. म्हणजे बीज बाहेर पडायच्या आधीच्या चार-पाच दिवसांतला संबंधही पुरतो. आणि बाळंतपणानंतर नुकती सुरू झालेली पाळी एक महिना २६ दिवसांनी, पुढच्या महिन्यात ३८ दिवसांनी येते, त्यामुळे कोणीतरी "पाळीनंतरचे इतके दिवस सेफ" असं सांगितलं असेल तर तुझ्यासाठी सध्या ते गणित बंद ठेव.

अंगावर पाजतेस म्हणून राहणार नाही असंही कोणी सांगेल. ते खरं असतं, पण तीन अटी एकदम पाळल्या तरच, बाळ सहा महिन्यांच्या आतलं, त्याला फक्त अंगावरचंच दूध, पाणीसुद्धा नाही, आणि पाळी अजून आलेली नाही. तुझ्या तिन्ही अटी मोडल्यात. बाळ आता मऊ भात खात असेल.

७२ तासांची गोळी ही काय करते ते नीट समजून घे कारण यात बहुतेक मुली फसतात. ती गर्भ पाडत नाही. ती अंडाशयातून बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, बस. म्हणून जितकी लवकर तितकी बरी, ७२ तास ही शेवटची मुदत आहे, तोवर थांबायचं नसतं. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बीज पुढे ढकललं गेलंय म्हणजे ते त्याच महिन्यात नंतर सुटणार आहे, मग गोळी घेतल्यानंतर चार दिवसांनी परत तसाच संबंध आला तर आदल्या गोळीचं संरक्षण शून्य. तुझं दोनदा घेऊन काही कायमचं नुकसान झालेलं नाही, दुधालाही धोका नाही, पण ही अडीअडचणीची गोळी आहे, दर महिन्याचा उपाय नाही.

आता जाऊबाईंचं. अंतरा हे इंजेक्शन आहे, दर तीन महिन्यांनी दंडात किंवा कमरेला घेतात, सरकारी दवाखान्यात फुकट. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखं एकच हार्मोन असतं. ते बीज सुटूच देत नाही, गर्भपिशवीच्या तोंडाचा स्राव घट्ट करतं म्हणजे शुक्रजंतूंना आत जायला वाट राहत नाही, आणि पिशवीच्या आतलं अस्तर पातळ ठेवतं. पाळीत जे जातं ते हेच अस्तर आणि त्याचं रक्त. अस्तर बनलंच नाही तर जायला काही नसतं, म्हणून पाळी थांबते. आत काहीही साचत नाही, घाण रक्त नावाचा प्रकार शरीरात नसतो. जाऊबाईंना हे शांतपणे सांग, त्यांनाही कोणीतरी तसंच सांगितलं असणार आणि त्या काळजीपोटीच बोलल्या असतील.

पण त्रास काय होतो तेही सांगते, नाहीतर तू दुसऱ्या महिन्यात घाबरून सोडून देशील. पहिले तीन-सहा महिने पाळीचं वेळापत्रक पूर्ण बिघडतं, कधी पंधरा दिवस थेंब थेंब लागत राहतं, कधी दोन महिने काहीच नाही. काहींचं वजन दोन-चार किलो वाढतं, काहींचं डोकं दुखतं, चिडचिड होते. हाडांची घनता थोडी उतरते, इंजेक्शन बंद केल्यावर ती परत भरते. आणि एकदा टोचलं की तीन महिने ते काढून घेता येत नाही, हे आधी माहीत असावं. बंद केल्यावर दिवस राहायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण सात ते दहा महिने. जिला सहा महिन्यांत दुसरं हवंय तिला मी अंतरा सांगत नाही. तुला तीन वर्षं नकोय, तुला ही अडचणच नाही, फक्त तिसऱ्या वर्षी हिशोब करून थोडं आधी थांबायचं.

तुझ्या केसमध्ये मला अंतराच पहिलं वाटतं. रोज लक्षात ठेवायचं नाही, दुधाला चालतं (बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर घेता येतं, तुझं तर नऊ महिन्यांचं आहे), आणि मुख्य म्हणजे महिन्याला जाणारं रक्त कमी होईल, तुझं ९.४ आहे ते वर चढायला जागा मिळेल. फक्त एक, पाळी "खूप जाते" म्हणजे किती हे डॉक्टरला नीट सांग, तासाला पॅड भिजतं का, गाठी पडतात का, मधेच लागतं का. कारण माहीत नसलेलं ब्लीडिंग असेल तर आधी ते तपासायचं. बीपी मोजून घ्यायचं. पूर्वी कधी कावीळ, रक्ताची गुठळी किंवा स्तनात गाठ असलं काही झालं असेल तर लपवू नको.

तांबी. सासूबाईंच्या पिढीत किती जणींनी ऐकीव भीतीने ती नाकारली आणि मग नको असताना बाळंतपणं काढली, मला याचं खरंच वाईट वाटतं. तांबी बघितलीयस का कधी? सिस्टरला सांग दाखवायला, नमुना असतो त्यांच्याकडे. इंग्रजी टी अक्षरासारखी प्लास्टिकची छोटी काडी, जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आणि खाली दोन मऊ दोरे. ती गर्भपिशवीत बसते. पिशवी वरून बंद आहे, बाजूला दोन नळ्या आहेत त्यांची तोंडं अगदी बारीक असतात, तिथून चालत चालत छातीत जायला रस्ताच नाही. बसवताना पिशवीला भोक पडणं हा धोका आहे पण हजारात एखादीला, आणि शंभरात काही जणींची पहिल्या वर्षात खाली सरकून पडते, म्हणून पाळीनंतर बोटाने दोरा लागतोय का बघायचं. काम कसं करते तर तांब्याचे सूक्ष्म कण शुक्रजंतूंना निकामी करतात, बीजाशी भेटच होत नाही. त्यात हार्मोन नाही. ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं, आणि काढली की पुढच्याच महिन्यात दिवस राहू शकतात.

मग तुला तांबी का नाही सांगितली पहिली? कारण पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते आणि पोटात दुखतं. ९.४ आणि आधीच जास्त जाणारी पाळी, त्यावर आणखी रक्त कशाला घालवायचं. बंदी नाहीये, डॉक्टरने तपासून बसवली तर बसवता येते, पण मी तुझी मोठी बहीण असते तर म्हणाले असते आधी रक्त ११-१२ वर आण, मग अंतरा सोसली नाही तर तांबी. अजून एक प्रकार आहे, तांब्याऐवजी हार्मोन असलेला, मिरेना म्हणून मिळतो, त्याने उलट पाळी खूप कमी होते, जास्त रक्त जाणाऱ्या बाईला तो उत्तम, पण प्रायव्हेटमध्ये काही हजार रुपये लागतात. जमत असेल तर विचार, नसेल तर त्याच्यावाचून अडत नाही.

छाया गोळी आशाताईने सांगितली नाही का? लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेली आपली गोळी आहे, बाजारात पूर्वी सहेली नावाने आली. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदाच. समजा पाळीचा पहिला दिवस रविवार, तर रविवार आणि बुधवार असे दोन वार तीन महिने धरायचे, नंतर फक्त रविवार. ही हार्मोनची गोळी नाही, दुधाला चालते, पाळी कमी आणि लांबून लांबून येते, म्हणजे रक्त कमी असणारीला बरीच. बीज तयार होतं पण पिशवीचं अस्तर त्याच्या वेळेला तयार नसतं म्हणून गर्भ रुजत नाही. तुझ्यासाठी हा माझा दोन नंबर. अडचण हीच की आठवड्याचं विसरणं रोजच्यापेक्षा सोपं, आज वार कोणता हेच बाळामागे कळत नाही. एखादा दिवस चुकली तर आठवेल तेव्हा लगेच घ्यायची आणि पुढच्या पाळीपर्यंत निरोधही वापरायचा. सात दिवसांच्या वर चुकली तर परत पहिल्यापासून, म्हणजे आठवड्यातून दोनदा सुरू करायची. अंडाशयात पाण्याच्या गाठी सांगितल्या असतील, नुकतीच कावीळ झाली असेल किंवा टीबीचे उपचार चालू असतील तर छाया नको.

माला-एन ही रोजची गोळी थोडक्यात सांगते कारण तू ती घेणार नाहीस. २१ पांढऱ्या गोळ्या हार्मोनच्या, ७ काळ्या लोहाच्या, एकूण २८, मधे गॅप नाही. काळी एखादी चुकली तर बिघडत नाही, पण नवीन पाकीट उशिरा सुरू केलं तर तिथेच दिवस जातात, आणि बायका नेमक्या तिथेच चुकतात. बीपी असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, बाळ सहा महिन्यांच्या आत असेल तर ही घेऊ नये.

आता मिस्टरांना हा भाग वाचून दाखव. दादा, निरोध नको वाटतो म्हणता, पण या घरात सध्या रक्त कोणाचं कमी आहे? दोनदा धावत जाऊन गोळी कोणी आणली? अंतराचं पहिलं इंजेक्शन पाळीच्या पहिल्या सात दिवसांत नाही मिळालं तर पुढचे सात दिवस निरोध लागणारच आहे. छाया चुकली तरी लागणार आहे. गुप्तरोग आणि एचआयव्हीपासून वाचवणारं तर हे एकच साधन आहे, तांबी, अंतरा, ऑपरेशन कशानेही ते होत नाही. पाकीट टेम्पोच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हाने रबर खराब होतं, पँटच्या पाकिटात महिनोन्महिने दाबून ठेवलेलंही फाटतं. खोबरेल तेल लावू नका, तेलाने काही मिनिटांत रबर कमजोर होतं. टोक चिमटीत धरून हवा काढायची आणि मग चढवायचं, हवा राहिली तर फाटायची भीती वाढते. आवडत नाही असं वाटत असेल तर दुकानात पातळ प्रकार मिळतात, दोन-तीन वापरून बघा.

आणि सासूबाईंचं "लगेच दुसरं आणि ऑपरेशन". त्यांच्या वेळी तसंच होतं, दोन मुलं, ऑपरेशन, विषय संपला, त्यांना तोच रस्ता माहीत आहे. पण एका बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं तरी शरीराला द्यावीत आणि मगच पुढच्याचा विचार करावा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझं रक्त ९.४ आहे, आत्ता दिवस गेले तर बाळ कमी वजनाचं, वेळेआधीचं होण्याची आणि तुला बाळंतपणात जास्त ब्लीडिंगचा त्रास होण्याची भीती वाढते. सासूबाईंना नातवंडं धडधाकट हवीत ना, मग हे त्यांना आकड्यासकट सांग, रिपोर्टच पुढे ठेव. बहुतेक सासवा "मला नकोय" ऐकत नाहीत पण "डॉक्टरने रक्त भरल्याशिवाय नको सांगितलंय" हे ऐकतात.

ऑपरेशनचा विषय निघालाच आहे तर पुढे जेव्हा दोघांचं पक्कं ठरेल की आता मूल नको, तेव्हा ते तुझंच का व्हावं हा प्रश्न मिस्टरांना आजच विचारून ठेव. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि पुरुष नसबंदी ०.३ टक्के. मला हा आकडा सहन होत नाही. बाईचं ऑपरेशन म्हणजे पोट उघडून किंवा दुर्बिणीने दोन्ही नळ्या बंद करायच्या. पुरुषाचं म्हणजे वृषणाच्या पिशवीच्या कातडीला एक बारीक छिद्र, तेवढीच जागा बधिर करून, पंधरा-वीस मिनिटं, टाका नाही, त्याच दिवशी घरी. दोन दिवसांनी हलकं काम, आठवड्याने टेम्पोत माल चढवायलाही हरकत नाही. ताकद जात नाही, कारण पुरुषी हार्मोन रक्तातून जातं, त्या नळीतून जात नाही. वीर्यही येतं, त्यातला शुक्रजंतूंचा वाटा मुळातच फार थोडा असतो. फक्त तीन महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यायचं, ही एक गोष्ट लोक विसरतात आणि बायकोवर संशय घेतात. आणीबाणीत जबरदस्तीने नसबंद्या झाल्या त्याची भीती अजून घराघरात आहे, ती समजू शकते, पण आता जबरदस्ती कोणी करत नाही.

हे सगळं घरात बोलायची लाज वाटते असं तू शेवटी लिहिलं होतंस. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ साली, तेव्हा त्यांना लोकांनी काय काय ऐकवलं, नोकरीवर पाणी सोडावं लागलं, तरी ते बायकांच्या तब्येतीसाठी बोलत राहिले. तुला तर फक्त स्वतःच्या नवऱ्याशी बोलायचंय.

आता कामाचं. टेस्ट निगेटिव्ह आली की पाळी येईपर्यंत निरोध, दुसरं काही चालणार नाही. पाळी आली की पहिल्या सात दिवसांत उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) जा, बाळाच्या लसीचा वार असेल तर एकाच फेरीत होईल. हिमोग्लोबिन परत तपास. इंजेक्शन घेतल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं आणि तीन महिने पुरत नाही. अंतराचं कार्ड मिळतं त्यावर पुढची तारीख लिहून घे आणि मोबाईलमध्ये अलार्म लाव, मिस्टरांच्या मोबाईलमध्येसुद्धा. तारखेच्या दोन आठवडे आधी घेतलं तरी चालतं, चुकून चार आठवड्यांपर्यंत उशीर झाला तरी देतात, त्याच्या पुढे गेलं तर परत आधी टेस्ट. खूपच ब्लीडिंग झालं, डोकं असह्य दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा अंग पिवळं दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखव.

लोहाची गोळी चहाबरोबर घेत असशील तर ती वाया जातेय. जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर घे, चहा एक-दोन तास लांब ठेव, आणि कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळेला. तीन महिन्यांनी दुसऱ्या इंजेक्शनला जाशील तेव्हा परत रक्त तपासून मला आकडा कळव.